आधी दिवा कुठे होता?

मित्रांनो, माझी मान वळताना कुरकुरते. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे दचकायला नको.

मी दिवा आहे. टेबलावरचा नव्हे आणि रस्त्यावरचाही नव्हे. फोटो काढताना माणसाच्या तोंडावर उजेड पाडणारा, तीन पायांचा, उंच मानेचा दिवा. माझी टोपी पत्र्याची आहे, आतून पांढरी, बाहेरून काळी, आणि एका बाजूला तिला पोचा आलेला आहे. दिसायला मी काही फार देखणा नाही. पण चेहरे मात्र मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि तेही इतक्या जवळून, की पापणीला चिकटलेला तांदळाएवढा केससुद्धा माझ्या नजरेतून सुटला नाही. म्हणूनच कुणी मला दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. आम्हा दिव्यांच्या भोवती पाली असतातच म्हणा. पण ही आतली पाल वेगळी. ती कशी आली, तेच आज सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, रंगवला, वायर ओवली आणि शेवटी मानेचा स्क्रू बसवला. स्क्रू बसवणाऱ्या बाईंना नेमकी त्याच वेळी शिंक आली असावी, कारण तो जरा तिरकाच बसला. तेव्हापासून मी डावीकडे वळलो की ‘कुर्रर्र’ असा आवाज होतो. माझ्याबरोबरचे दिवे मोठमोठ्या ठिकाणी गेले. मला मात्र या कुरकुरीमुळे कुणी घेईना. शेवटी एका अरुंद गल्लीतल्या फोटोच्या दुकानात माझी वर्णी लागली.

दुकानदाराला सगळे फोटोकाका म्हणत. दुकानात एक स्टूल, मागे राखाडी पडदा, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. कंगवा दोरीनं बांधलेला, कारण लोक केस विंचरून तो विसरून खिशात टाकत. काकांनी मला पहिल्याच दिवशी तेल घातलं, मान इकडेतिकडे फिरवून पाहिली आणि म्हणाले, “बोल बाबा, बोल. तुझ्या आवाजानं तरी लोक हसतील. ‘हसा’ म्हटलं की रडकं तोंड करतात.”

काकांनीच मला उजेडाची खोड समजावली. तुम्हीही करून बघा. एक कागद चुरगळा आणि पुन्हा सपाट करा. मग त्यावर बाजूनं बॅटरी धरा. डोंगरदऱ्या दिसतील, एकेका घडीची लांब सावली पडेल. आता तीच बॅटरी समोरून धरा. डोंगर गेले, दऱ्या गेल्या, कागद जणू आत्ताच दुकानातून आणला! कागद तोच, घड्या त्याच. फक्त बॅटरी हलली.

माणसाच्या चेहऱ्याचंही तसंच. म्हणून काका फोटोआधी प्रत्येक मोठ्या माणसाला विचारायचे, “रेषा दाखवू की लपवू?” कुणी लाजत ‘लपवा’ म्हणायचं. एक म्हातारे पोस्टमन तर ठणकावून म्हणाले होते, “दाखवा की! उन्हातान्हात फिरून कमावल्यात, फुकट नाही मिळाल्या.” मग काका मला तसं वळवायचे. समोर किंवा बाजूला. पण विचारल्याशिवाय माझी मान त्यांनी कधी वळवली नाही.

एके दिवशी एक बाई छोट्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी एवढीशी, बोबडी, आणि एका जागी ठरेल तर शपथ. सारखं काही ना काही उचलून कुठे ना कुठे नेत होती. घरचे तिला मुंगी म्हणत. तिच्या हातात तीनच चाकं उरलेली एक खेळण्यातली मोटार होती. मुंगीच्या आईला दूरच्या बंदरावर काम मिळालं होतं. जहाजातून उतरणारी खोकी मोजून घ्यायची, दिवसभर, उघड्यावर. तिथे मुलीला नेता येत नव्हतं. मुंगी आजीकडे राहणार होती आणि तिच्याजवळ ठेवायला आईला स्वतःचा एक फोटो हवा होता.

“रेषा दाखवू की लपवू?” काकांनी विचारलं.

“मला कुठे आहेत हो रेषा?” आई हसली. आणि हसताक्षणी एक रेषा उमटली. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, एकाच गालावर. मुंगी टुणकन आईच्या मांडीवर चढली आणि तिनं मोटार त्या रेषेवरून खाली आणली. “लस्ता,” ती म्हणाली. रस्ता.

“ही तेवढी राहू द्या, काका,” आई म्हणाली. “हिचा रोज संध्याकाळचा खेळ आहे.”

काकांनी मला बाजूला वळवलं. कुर्रर्र. मुंगी खदखदून हसली, तिला बघून आई हसली, आणि फोटो निघाला. गालावरचा रस्ता त्यात अगदी स्पष्ट आला होता.

पुढे काकांची नजर अधू झाली. लोकही आपापल्या फोनवर फोटो काढू लागले. दुकानाला कुलूप लागलं. कंगवा, पडदा, स्टूल, सगळ्याची पांगापांग झाली. मी बराच काळ एका माळ्यावर पडून होतो. तोंडावर पोतं, मानेत धूळ. मित्रांनो, उजेड देणाऱ्याला अंधारात ठेवलं की फार जीव गुदमरतो. तेव्हाच टोपीला पोचा आला.

तिथून मला ब्यूटी पार्लरच्या मॅडमनी आणलं. पार्लर स्वच्छ होतं. फिरती खुर्ची, वाफेचं यंत्र, घड्या घातलेले टॉवेल, आणि हवेत काकडीचा वास. मॅडम मनानं चांगल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी पाणी विचारायच्या. मला रोज पुसायच्या. मी म्हटलं, दिवस पालटले.

मग एक दिवस सुरकुत्यांच्या क्रीमचा एजंट आला. तो यायच्या आधी त्याचं अत्तर यायचं, म्हणून मॅडम त्याला मागून ‘घमघमाट’ म्हणायच्या. त्यानं टेबलावर गुलाबी डब्यांचा मनोरा रचला आणि मग माझ्याकडे वळला. फरशीवर त्यानं दोन चिकटपट्ट्या लावल्या. लाल पट्टी खुर्चीच्या बाजूला, खिडकीपाशी. हिरवी अगदी खुर्चीसमोर.

“आधीचा फोटो लाल पट्टीवर, मॅडम. बाईंना म्हणायचं, हसू नका, हनुवटी खाली. महिन्याभरानं नंतरचा फोटो हिरव्या पट्टीवर. दिव्यावर पांढरं फडकं टाकायचं. हनुवटी वर, जरासं हसू.”

“असं का?” मॅडमनी विचारलं.

“कंपनीची पद्धत आहे. सगळीकडे असंच करतात.”

मॅडमना त्यात काही वावगं वाटलं नाही. टॉवेल कुठे ठेवायचा, वाफ किती वेळ द्यायची, तशीच ही एक पद्धत. त्यांनी स्वतःचेही दोन फोटो काढून घेतले आणि ‘आधी’, ‘नंतर’ अशा चिठ्ठ्या लावून भिंतीवर सगळ्यांत वर लावले. त्या दिवसापासून त्या आरशात बघताना मान जरा ताठ ठेवू लागल्या. मी मात्र कोपऱ्यात उभा राहून विचार करत होतो. काका दिवा हलवायचे, पण विचारून. हा माणूस न विचारता हलवतो आणि नाव क्रीमचं घेतो. कुठेतरी पाणी मुरतंय!

भिंत भरत गेली. ‘आधी’ म्हणजे दुष्काळातलं रान, ‘नंतर’ म्हणजे इस्त्रीचा रुमाल. येणाऱ्या बाया भिंतीपुढे उभ्या राहायच्या आणि डबी घेऊन जायच्या.

आणि एका दुपारी खुर्चीत एक चेहरा येऊन बसला. कपाळावर आडव्या रेषा, डोळ्यांच्या कडांना बारीक जाळं, ओठांभोवती कोरडी त्वचा. मी ओळखलं नाही. पण सोबतच्या मोठ्या बहिणीनं काहीतरी टोमणा मारला, बाई हसल्या, आणि एकाच गालावर तो रस्ता उमटला. मुंगीची आई!

“महिन्याभरात जातील ना सगळ्या?” तिनं मॅडमना विचारलं.

“मन लावून लावलीत तर नक्की फरक दिसेल.”

“मन कुठे लावायचं, कपाळाला की गालाला?” मावशी पुटपुटली. ही मुंगीची मावशी. ती बाकावर बसून डबी उलटसुलट करत होती. “अगं, डबीवरची पोरगी बघ. हिला सुरकुत्या पडायला आधी हिचं कॉलेज तरी संपू दे!”

“ताई, गप्प बस ना जरा.”

“बसते. पण हे वाच. ‘सुरकुत्या कमी दिसतील.’ कमी होतील असं कुठे छापलंय?”

“एकच ते.”

“एकच कसं? माझा पगार वाढला आणि माझा पगार वाढल्यासारखा दिसला, एकच का?”

मॅडमनाही हसू आलं. मावशीची गाडी थांबायला तयार नव्हती. तिच्या ऑफिसातल्या कुणी बाई डॉक्टरांकडून कपाळात सुई घेऊन आल्या होत्या. “कपाळ झालं बाई गुळगुळीत, नाही म्हणत नाही. पण भुवया हलेनात. साहेबांनी बढती सांगितली, तरी ही नुसती टकमक बघतेय! आणि चार-सहा महिन्यांत रेषा पुन्हा हजर.” मग तिचा आवाज बदलला. “ते जाऊ दे. बंदरावरचं काम सोडून तू इथे येऊन बरेच दिवस झाले. मुलीला भेटायला का जात नाहीस?”

“नवी नोकरी आहे. रजा नाही.”

“रजा नाही की धीर नाही?”

आई खाली बघत म्हणाली, “तिची परीक्षा संपली की आजी घेऊन येणारच आहे. ताई, तिच्याजवळ माझा तो फोटो आहे, काकांनी काढलेला. रात्री उशीखाली घेऊन झोपते. ती त्या फोटोतल्या बाईची वाट बघतेय. आणि दारात उभी राहणार मी. उन्हानं हे असं करून टाकलेली.” तिनं कपाळाला हात लावला. “फोनवर चेहरा दाखव म्हणाली, की मी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवते. इथे रेंज नाही गं म्हणते. तिनं मला ओळखलंच नाही तर?”

मावशीनं डबी खाली ठेवली. त्या दिवशी तिनं पुढे एकही टोमणा मारला नाही.

मॅडमनी मला लाल पट्टीवर नेलं. हसू नका, हनुवटी खाली. मी बाजूनं उजेड टाकला, दुसरं करणार काय? बंदरावरचं सगळं ऊन त्या फोटोत उमटलं. आईनं तो बघितला आणि पटकन नजर वळवली.

महिनाभर ती न चुकता येत राहिली. मॅडम तिच्या चेहऱ्याला हलक्या हातानं मालिश करायच्या. खोटं कशाला बोलू, त्वचा मऊ झाली. ओठांभोवतीचा कोरडेपणा गेला, चेहऱ्याला तकाकी आली. तेवढं श्रेय त्या डबीला द्यायलाच हवं. पण कपाळावरच्या रेषा? त्या होत्या तिथे होत्या. मला जवळून दिसत होतं. सांगणार कुणाला?

शेवटच्या दिवशी ती डोळे मिटून खुर्चीत बसली होती. मॅडमनी मला उचलून हिरव्या पट्टीवर ठेवलं आणि मान वळवली. कुर्रर्र.

डोळे मिटलेलेच ठेवून आई हसली. “असा आवाज मी कुठेतरी ऐकलाय.”

“जुना दिवा आहे हो,” मॅडम म्हणाल्या. माझ्यावर पांढरं फडकं आलं. हनुवटी वर, जरासं हसू. फोटो निघाला.

आणि काय सांगू! कपाळ कोरं. डोळ्यांच्या कडा कोऱ्या. गाल कोरे. आईनं फोन दोन्ही हातांत धरला आणि तिचे डोळे भरून आले. “ताई, बघ ना!” मावशीनं पाहिलं, डोळे बारीक केले, पण बहिणीचा आनंद बघून गप्प राहिली. आईनं तिथल्या तिथे तो फोटो आजीच्या फोनवर पाठवला.

जरा वेळानं फोन वाजला. मावशीलाही ऐकू यावं म्हणून तिनं स्पीकर लावला.

“मुंगे, फोटो बघितलास?”

“बघितला,” मुंगी म्हणाली. आता ती बोबडी राहिली नव्हती. “आई, ही कोण बाई?”

आईनं फोन तोंडाजवळ नेला.

“अगं, मीच ना ती.”

“नाही. हिला रस्ताच नाहीये.” मग फोनपासून दूर जात ती ओरडली, “आजी, ही आई नाहीये! आईसारखी आहे, पण आई नाहीये!”

आईचा हात गालावर गेला. मित्रांनो, ज्या एका रेषेला तिनं स्वतः ‘राहू द्या’ म्हटलं होतं, तीच ती विसरून गेली होती. नव्या रेषा घालवण्याच्या नादात जुनीही फोटोतून गेली होती.

“गेली?” ती घाबरून म्हणाली. “ताई, ती पण गेली का गं? खरंच?”

मावशी पुढे झाली आणि तिनं आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. “थांब. या आधीच्या फोटोत नाकाची सावली गालावर पडलीय. या दुसऱ्यात नाकाला सावलीच नाही. तुझं नाक तर तेच आहे ना?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग फरशीवरच्या पट्ट्यांकडे. मग माझ्या मानेकडे. “तो आवाज,” ती हळूच म्हणाली. “काकांच्या दुकानातला. तिथे हा दिवा वळवायच्या आधी काका विचारायचे, दाखवू की लपवू. इथे मला कुणी विचारलंच नाही.” ती मॅडमकडे वळली. “मॅडम, हा दिवा जरा त्या लाल पट्टीवर न्याल? पहिल्या दिवशी होता तिथे?”

मॅडमचा चेहरा पडला. पण त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. फडकं काढलं, मला उचललं, मान वळवली. कुर्रर्र. मित्रांनो, त्या दिवसाइतका जीव ओतून मी कधी पेटलो नसेन.

फोटो निघाला. कपाळावरच्या आडव्या रेषा, डोळ्यांकडचं जाळं, सगळं जागच्या जागी. आणि कुरकुरीनं आईला हसू आलं होतं, म्हणून गालावर तो रस्ताही.

“आहे! ताई, आहे गं! सगळ्या आहेत!” आई हसत होती आणि रडत होती. मी जन्मात असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं, क्रीमचा उपयोग झाला नाही म्हणून नाचणारं.

हा फोटोही गेला. फोन चालूच होता. मग मुंगीचा आवाज आला. “हां. ही आई.” मग तिनं विचारलं, “आई, तू म्हातारी झालीस का?”

“थोडीशी.”

मुंगीनं विचार केला असावा. “बरं. मग मी येईन तेव्हा तू धावू नकोस. मीच धावते.”

दोघी बहिणी गेल्यावर मॅडम खुर्चीत स्वतः बसल्या. भिंतीवरचे आपले दोन फोटो त्यांनी काढून हातात घेतले. मग मला लाल पट्टीवर ठेवून त्या आरशात बघत राहिल्या. मला त्यांची कीव आली. इतके दिवस ताठ ठेवलेली मान हळूहळू खाली आली. त्या फसवणाऱ्या नव्हत्या, मित्रांनो. सगळ्यांच्या आधी त्याच फसल्या होत्या.

घमघमाट पुढच्या खेपेला आला तेव्हा भिंत रिकामी होती. मॅडम म्हणाल्या, “तुमची डबी मी विकेन, पण कोरड्या त्वचेसाठी. आणि फोटो काढायचे तर दोन्ही एकाच पट्टीवर.” तो म्हणाला, “मग फरक कसा दिसणार?” मॅडम म्हणाल्या, “मी तेच विचारतेय.” त्यानं मनोरा आवरला आणि त्याच्यामागून त्याचं अत्तरही गेलं.

आता कुणी सुरकुत्यांचं विचारलं, की मॅडम सांगतात, “उन्हात जाताना चेहरा जपा, त्वचा कोरडी पडू देऊ नका. काही औषधांनी हळूहळू थोडा फरक पडतो म्हणतात, पण ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारून. सगळ्या पुसून टाकतो असं म्हणणाऱ्याकडे मात्र नीट बघा.” गिऱ्हाईकं जरा कमी झाली. जी येतात, ती गप्पा मारत बसतात.

फोटो नाहीत म्हटल्यावर मला काम उरलं नाही. पुन्हा माळा, पुन्हा पोतं, अशी धास्ती मला वाटत होती. पण मुंगीच्या आईनं मला मागून घेतलं. तिच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि नव्या कोऱ्या दोन वह्या होत्या. मी टेबलाशेजारी उभा राहिलो.

मुंगी आली त्या दिवशी दार उघडंच होतं. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि धावू नकोस असं बजावलेलं असतानाही आई धावलीच. दोघी उंबऱ्यातच एकमेकींवर आदळल्या. मागून आजी धापा टाकत म्हणाली, “अगं, मला आत तरी येऊ द्या!”

जरा स्थिरस्थावर झाल्यावर मुंगीची नजर माझ्यावर गेली. तिनं माझी मान धरून वळवली. कुर्रर्र. ती खदखदून हसली, अगदी काकांच्या दुकानात हसली होती तशी. मग खिशातून ती मोटार काढली. आता तिला दोनच चाकं उरली होती. आईच्या मांडीवर मावत नव्हती तरी ती चढली आणि माझ्या उजेडात आईचा चेहरा निरखू लागली.

“हा आपला जुना रस्ता,” ती म्हणाली. मोटार कपाळावर गेली. “हे नवे आहेत. हा कुठे जातो?”

“बंदरावर.”

“आणि हा?”

आईनं मुंगीला जवळ ओढलं. “तो परत येतो,” ती म्हणाली.

मित्रांनो, माझी वायर आता जुनी झाली आहे, ती ओढू नका. अधूनमधून मानेत दोन थेंब तेल घाला. आणि कुणी तुमच्यापुढे दोन चेहरे ठेवून ‘आधी बघा, नंतर बघा’ म्हणालं, तर चेहऱ्यांकडे मग बघा. आधी दिवा कुठे होता ते विचारा.